अक्काची पडद्यावरची खानावळ

अक्काला खेळांचा मुळातच तिटकारा. पत्ते म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, आणि मोबाइलवर बोटं आपटत बसणारी माणसं तर तिच्या लेखी कामातूनच गेलेली. त्यामुळे तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर धाकटा भाऊ एक जुनाच पण धडधाकट टॅब घेऊन आला आणि म्हणाला, "अक्का, यात एक खानावळ आहे, ती तू चालवायची," तेव्हा तिनं चष्म्यावरून त्याच्याकडे अशी नजर टाकली, की दुसरा कुणी असता तर टॅब पिशवीत कोंबून जिना उतरला असता.

पण ढब्बू अक्काच्या नजरेला कधीच घाबरला नव्हता. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून पडलेलं नाव ते. आता काडीसारखा वाळला, डोक्यावरचे केस गेले, तरी अक्काच्या तोंडी ढब्बूच. आई गेली तेव्हा तो दप्तर पाठीला लावायच्या वयाचा होता आणि अक्का नुकती एस.टी.च्या तिकीट खिडकीवर लागली होती. त्याची वेणीफणी सोडली तर आईनं करायचं ते सगळं तिनंच केलं, असं तो स्वतःच हसत सांगायचा. पुढं तो शिलाई मशीन दुरुस्त करायला शिकला, लग्न करून दुसऱ्या गावी गेला. घरोघर जाऊन मशीन उघडायचा आणि तेलाच्या डबीबरोबर त्या घरातल्या चार गोष्टीही घेऊन यायचा. तोंडाचा पट्टा असा, की बिघाड सापडायच्या आधी चहा यायचा.

अक्का नेमकी उलट. जन्म गेला तिकीट खिडकीमागं. समोर रांग, कानात गाड्यांची घरघर, आणि "पुढं व्हा" याखेरीज बोलायला सवड नाही. रांगेतल्या शेवटच्या माणसाला तिकीट दिल्याशिवाय तिनं खिडकी लावली नाही, हा तिचा अभिमान. निवृत्त झाली आणि रांगच संपली. त्यात गुडघा. बैठकीच्या खोलीत खुर्ची, समोर स्टुलावर पाय, आणि खिडकीतून दिसणारी शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी. सबंध दुपार त्या टाकीकडं बघून ती स्वतःवरच वैतागायची.

"फक्त एकदा बघ," ढब्बू म्हणाला. "गिऱ्हाईक येतं, टेबलाशी बसतं. त्याच्या डोक्यावर हिरवी पट्टी असते. आपण उशीर केला की पिवळी होते, मग लाल. लाल संपली की गिऱ्हाईक पाय आपटत निघून जातं."

"आपटत?"

"आपटत. वर तोंडातून धूर."

अक्काला ते आवडलं. तिकीट खिडकीवर तिनं असा धूर रोज पाहिला होता.

खेळ जोडीनं खेळायचा होता. एकानं स्वयंपाकघर सांभाळायचं आणि कुठलं ताट कुठल्या टेबलाला ते ठरवायचं, दुसऱ्यानं ते नेऊन वाढायचं. अक्कानं चूल घेतली, ढब्बूनं वाढपी होणं पत्करलं. तो आपल्या घरी, ही आपल्या घरी. मध्ये फोन लावून स्पीकरवर ठेवायचा आणि दुपारचं जेवण उरकलं की दुकान उघडायचं. सुरुवातीला अक्काची तारांबळ उडायची. सूप उतू जायचं, ऑम्लेट करपायचं, केक मागणाऱ्या बाईसमोर कॉफी जायची. ढब्बू पलीकडून हसून हसून बेजार व्हायचा.

"अगं, ती बाई केकसाठी बसलीये, तू तिला तिसऱ्यांदा कॉफी पाजलीस! आज झोपायची नाही ती."

"तू वाढप्या आहेस ना? मग घेऊन कशाला गेलास?"

"मालकिणीचा हुकूम!"

अक्काच्या घरात इतकं हसू बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. खालच्या मजल्यावरची शिंपीण एकदा वर येऊन विचारून गेली, पाहुणे आलेत का म्हणून.

पण जे काम हाती घ्यायचं त्यात पहिलं यायचं, ही अक्काची खोड. महिन्याभरात तिला खेळाची नस सापडली. कोण घाईचं गिऱ्हाईक, कोण निवांत; कुठल्या वेळी लोंढा येणार; पाव आधीच भाजून ठेवला तर सूपवाले झटक्यात उठतात. ती शेगड्या वाढवत गेली, खुर्च्या वाढवत गेली, आणि जितक्या खुर्च्या वाढल्या तितकी गर्दी वाढली. आता गप्पांना जागा उरली नाही. ढब्बू एखाद्या घरची गंमत सांगायला लागला की ती म्हणायची, "ते राहू दे, कोपऱ्यातलं टेबल लाल झालंय."

पावसाळा सरता सरता ढब्बू मंदावला. आधी एखादं टेबल सुटायचं, मग दोन-दोन. सूप तयार होऊन गार व्हायचं तरी वाढपी दारातच उभा. गिऱ्हाइकं पाय आपटत उठून जायला लागली तसा अक्काचा पारा चढायला लागला.

"ढब्बू, झोपलास का? केव्हाची थाळी भरून ठेवलीये मी!"

"बोट बसत नाही गं नीट. भलतीकडंच दाबलं जातं."

"लक्ष नसतं तुझं. टी.व्ही. लावून बसला असशील."

"नाही गं. अक्का, जरा बंद करतेस का? बोलायचं होतं."

"एवढी गर्दी ओसरू दे."

गर्दी ओसरायची नाही. तो खेळच तसा होता. एक उठलं की दुसरं टेकायचं. ढब्बू वाट बघायचा आणि मग म्हणायचा, "बरं, उद्या बोलू." दुसऱ्या दिवशीही तेच. एकदा त्याचा शब्द जिभेत अडकल्यासारखा आला तेव्हा ती तुटकपणे म्हणाली, "आधी तोंडातला घास गिळ, मग बोल." त्याच्या तोंडात काहीच नव्हतं.

त्या सुमाराला खेळात मोठी स्पर्धा लागली. ज्या खानावळीतून सगळ्यात कमी गिऱ्हाइकं रागावून जातील ती पहिली. अक्का रात्रंदिवस त्याच विचारात. आणि ढब्बूचं हे असं. शेवटी तिनं मन घट्ट केलं, म्हणजे तिला तसं वाटलं. खरं तर फार घट्ट करावं लागलं नाही.

"राग मानू नकोस," ती फोनवर म्हणाली, "पण स्पर्धेपुरता मी दुसरा वाढपी घेते. तो 'वादळ' म्हणून कोण आहे ना, फार चपळ आहे म्हणे."



"घे की," ढब्बू म्हणाला. "मला तरी कुठं जमतंय हल्ली. तुझं नाव व्हायला पाहिजे."

"संपली स्पर्धा की परत आपण दोघं."

"हो तर."

वादळ खरोखरच वादळ निघाला. बाई की बुवा, म्हातारा की पोरगा, काही पत्ता नाही; बोलणं तर नाहीच. पण थाळी भरली की उचललीच. खानावळीतून एकही माणूस उपाशी जाईना. अक्का खूश. फोन आता स्पीकरवर नव्हता, स्वयंपाकघरात फडताळावर पडलेला असायचा.

त्या खेळात आणखी एक सोय होती. ओळखीचं माणूस तुमच्या खानावळीत गिऱ्हाईक बनून येऊ शकायचं. त्याच्या डोक्यावर त्याचं नाव दिसायचं. मात्र अशा पाहुण्याला वाढून गुण फार मिळत नसत, म्हणून तरबेज खेळाडू पाहुण्यांना सगळ्यात शेवटी विचारायचे. स्पर्धेच्या दिवसांत रोज दुपारी अक्काच्या खानावळीत दारालगतच्या टेबलाशी निळ्या टोपीचा एक पाहुणा येऊन बसायचा. डोक्यावर लिहिलेलं असायचं, ढब्बू.

खेळ कधी कधी मित्रांची नावं आपोआप पाठवतो, हे अक्काला ठाऊक होतं. हेही तसलंच असणार, असं तिनं ठरवून टाकलं. आणि त्याला शेवटच्या रांगेत घातलं.

एका दुपारी मात्र त्या निळ्या टोपीवाल्यानं हात हलवला. पाहुण्याला तशी कळ असते. ती दाबावी लागते, आपोआप पाठवलेल्या बाहुल्याला ती दाबता येत नाही. अक्कानं तो हात पाहिला. त्याच वेळी मधल्या मोठ्या टेबलाची पट्टी लाल झाली होती. सूपची वाटी तिच्या हातात तयार होती, आणि ती तिनं मधल्या टेबलाला धाडली. निळी टोपी पट्टी संपेपर्यंत बसून राहिली आणि उठून गेली. हे तिनं पुढं कुणालाच सांगितलं नाही.

स्पर्धेत अक्काचा तिसरा नंबर आला. पडद्यावर रंगीत कागद उडाले. वादळानं त्याच दिवशी दुसरा जोडीदार गाठला. अक्कानं ढब्बूला फोन लावला तो भावजयीनं उचलला.

"ढब्बू कुठंय? सांग त्याला, ये म्हणावं कामावर."

पलीकडं भावजयीनं खोलीचं दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"अगं, काय झालं?"

"अक्का, तुम्ही याल का इकडं? त्यांनी सांगू नको म्हटलं होतं, पण आता मला एकटीला रेटवत नाही."

गुडघ्याला पट्टा बांधून अक्का बसनं गेली. वाटेत तिनं मनाशी नाना तर्क केले; पडला असेल, कावीळ असेल. दार भावजयीनं उघडलं. आतल्या खोलीत खिडकीशी ढब्बू खुर्चीत होता, दोन्ही बाजूंना उशा लावून बसवलेला. हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचे आणून ठेवल्यासारखे. अक्काला बघून त्याचा चेहरा फुलला. तो काहीतरी म्हणाला. तिला एक अक्षर कळलं नाही.

"अक्का आली, असं म्हणताहेत," भावजय म्हणाली.

नसांचा आजार होता. आधी बोटं गेली, मग हात, मग जीभ. पाय अजून थोडे ऐकत होते. औषधानं थांबणारा नव्हता. डॉक्टरांनी लपवलं नव्हतं. निदान झालं ते पावसाळा सरतानाच.

अक्का स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिली. "मला का नाही सांगितलं?"

"सांगणार होते ना. रोज म्हणायचे, आज अक्काला सांगतो. मग फोन ठेवला की म्हणायचे, आज ती घाईत होती." भावजय ताट पुसत होती, तिनं वर पाहिलं नाही. "नंतर बोलणं अडखळायला लागलं, तेव्हा फोन नको म्हणाले. तुम्ही घाबराल म्हणून. पण दुपारी मोबाइल समोर टेकवून द्यायला लावायचे आणि बोटाच्या मागच्या हाडानं कसंबसं दाबत तुमच्या खानावळीत जायचे. मी म्हणायची, बघा, तुम्हाला कुणी विचारत नाही तिथं. तर म्हणायचे, अगं, कामात आहे ती. बघ कशी पळतेय."

अक्कानं नळ सोडला आणि उगाचच एक स्वच्छ भांडं घासायला घेतलं.

ती तिथंच राहिली. घराला कुलूप होतं, शेजारणीकडं किल्ली होती, तिकडं कुणी वाट बघणारं नव्हतं. सकाळी भावजय पाळणाघरात कामाला जायची, तेव्हा अक्का त्याला भरवायची. चमचा छोटा, घास पातळ, घाई करायची नाही. घशात अडकलं तर पुढं वाकवायचं. टॅब बॅगेतून बाहेर निघाला नाही. भाचीनं, ढब्बूच्या मुलीनं, एकदा विचारलं, "आत्या, खेळायचं का?" तेव्हा तिनं मानेनंच नको म्हटलं.

आणि जन्मभर न बोललेली अक्का बोलायला लागली. दुपारी त्याच्यासमोर बसून तिकीट खिडकीवरच्या गोष्टी सांगायची. एक माणूस रोज यायचा आणि कुठलीच गाडी न पकडता गाड्यांच्या वेळा विचारून जायचा. तो आपल्यासाठी यायचा हे तिला त्याची बदली झाल्यावर कळलं, हेही तिनं सांगून टाकलं. ढब्बू डोळे मिटून हसायचा. हसण्याचा आवाज नव्हता, नुसते खांदे हलायचे.

एकदा तिनं विचारलं, "तुला तेव्हा काय बोलायचं होतं रे? आजाराचंच, की आणखी काही?" तो बराच वेळ तोंड हलवत राहिला. तिनं कान जवळ नेला. हवा आली, शब्द आला नाही. तिनं अंदाज बांधून बघितले, मुलीचं शिक्षण, घर, बायको. तो प्रत्येकाला मान हलवायचा. हो की नाही, ते मानेवरूनही कळेनासं झालं होतं. शेवटी तो थकला आणि तिनं विचारणं सोडलं.

"ढब्बू, मी तुला टेबलाशी तसंच बसवून ठेवलं," ती म्हणाली. तेवढंच म्हणाली. निळ्या टोपीचं आणि हात हलवल्याचं तिच्या ओठांवर आलं आणि परत गेलं.

हिवाळा संपता संपता त्याच्या डोळ्यांखेरीज काही हलेनासं झालं. भावजयीला ते डोळे वाचता यायचे, भाचीला यायचे. अक्काला येत नव्हते. एका दुपारी तो सारखा तिच्याकडं आणि जमिनीकडं बघायला लागला. अक्का उठली. पाणी दिलं, उशी सारखी केली, पंखा लावला, बंद केला. त्याचे डोळे थांबेनात.

"काय हवंय रे? सांग ना, काय हवंय?" तिला रडू फुटलं. तिनं भावजयीला हाक मारली.

भावजय दारात आली, नवऱ्याच्या डोळ्यांकडं पाहिलं, मग अक्काच्या खुर्चीकडं.

"काही नको आहे त्यांना," ती म्हणाली. "जमिनीवरचं ऊन सरकत तुमच्या पाठीवर येतंय, एवढंच सांगताहेत. जरा सरकून बसा, अक्का."

अक्कानं खुर्ची सावलीत ओढली.