नानांची कैची कुणी खोडली?

मेलेल्या माणसाच्या वहीतली ओळ खोडायचा हक्क तुम्ही कुणाला द्याल?

धुळ्याच्या शोकसभेत मला हा प्रश्न पडला. भडगावचे नाना, माझे मराठीचे मास्तर, जाऊन महिना झाला होता. सायकलवर गावोगाव हिंडून त्यांनी शेतीच्या अवजारांची नावं वहीत जमवली होती. त्या वहीवरून छापलेली पुस्तिका सभेत वाटली गेली. मी तीत ‘कैची’ हा शब्द शोधला. तिथे ‘कर्तरी’ छापलं होतं... आणि नानांची ओळ, ‘शब्द मूळचा तुर्की, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला’, गायब! संपादकांना जाब विचारला, तर बशीतला चहा फुरकत ते म्हणाले, “अहो, परका शब्द नानांच्या नावावर कशाला? आम्ही त्यांचा मानच राखला.”

पण ही खोड एकेकाळी माझीही होती. एकोणिसाव्या वर्षी मीच ‘परके शब्द हाकला’ असं पत्रक काढून ऐटीत नानांना दाखवलं होतं. ते रागावले नाहीत. मला गिरणाकाठच्या लिंबूबागेत घेऊन गेले. अवजार हातात असल्याशिवाय त्याचं नाव कुणाला विचारायचं नाही, ही त्यांची रीत. रिकाम्या हाताने माणूस पुस्तकातलं बोलतो, म्हणायचे. बागवान आबा शिडीवर छाटणी करत होते. नाना म्हणाले, “माग त्यांच्याकडे तुझी कर्तरी.” मी मागितली. आबा वरूनच म्हणाले, “नाना, हाऊ पोऱ्या काय मांगी ऱ्हायना?” नानांनी आबांच्या हातातल्या अवजाराकडे बोट केलं. “हाई? हाई तं कैची शे!”

शब्द तुर्कांच्या मुलखातला आहे, असं नानांनी सांगितलं. आबा हसले. “मंग काय व्हयनं? मना जवाई बी सुरतथून उना. आते घरनाच शे ना!” नानांनी तेही वहीत उतरवलं. पुस्तिकेत तेही नाही. हार घालणारे हात इतके घाणेरडे असू शकतात...

परवा भडगावला गेलो. अंगणातल्या लिंबूशेजारी, खिळ्याला, नानांची कैची तशीच टांगलेली. पात्यांना ताजं तेल. नानी अजून रोज पुसतात.

ती पुस्तिका तुमच्याही घरी आली असेल. आज पेन घ्या, ‘कर्तरी’वर काट मारा, बाजूला ‘कैची’ लिहा आणि खाली नानांची ओळ जशीच्या तशी उतरवा. मात्र लिहिण्याआधी घरातली कैची एकदा हातात धरा.