वैशालीनं वाचलेलं पत्रक

आज पत्रकांसाठी मैद्याची खळ शिजवली आणि त्या वासानं देवळीचा भाजीबाजार आठवला. आमच्या संघटनेतली वैशाली तेव्हा उन्हाळाभर जर्मनीत शिकून नुकतीच परतली होती. शिष्यवृत्ती एका कंपनीच्या पैशाची, म्हणून मी माझा अर्ज तत्त्वानं फाडला होता. तिनं मात्र तिचा भरला होता.

भाजीवाल्या बायांना बसायला ओटे मिळावेत, या मागणीचं पत्रक मी बाजारातल्या भिंतीवर चिकटवत होतो.

"या बाया हे कशा वाचतीन? वाचून दाखव ना," ती म्हणाली.

"जर्मनीत हेच शिकली काय वो?"

"हो. तिथं मले दुकानाची पाटी वाचता येत नव्हती. कोनी वाचून दाखवलं का रडूच ये."

मग तिनंच ते मोठ्यानं वाचलं. बाया तराजू ठेवून जमल्या, तिला प्रश्न विचारू लागल्या. शब्द माझे होते, पण माझ्यासाठी त्या कधी थांबल्या नव्हत्या. उन्हाळाभर मी तिच्यावर नुसता जळत होतो, आणि त्या जळण्याला तत्त्व म्हणत होतो.