नव्या टॉवेलचं पाणी
नव्या टॉवेलच्या खळीचा वास आला की मला आमचे विज्ञानाचे सर आठवतात आणि तोंड कडू होतं. सातवीत शाळेच्या प्रदर्शनासाठी मी नव्या आणि जुन्या टॉवेलचे सारखे तुकडे कापले, सारख्याच पाण्यात सारखाच वेळ बुडवले आणि भांड्यात उरलेलं पाणी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा जुन्या, विटक्या तुकड्यानंच जास्त पाणी शोषलं होतं. एमआयडीसीत यंत्रमागावर काम करणारे वडील म्हणाले, “व्हय, खळ धुवून गेल्याबिगर नवा टॉवेल पाणी धरत न्हाय की.” मी सरांना निकाल सांगितला, पण त्यांनी माझी वही उघडलीसुद्धा नाही. “नवा टॉवेल जास्त पाणी शोषतो, असा तक्ता कालच रंगवून झालाय की! पाहुणे टॉवेलचे कारखानदार आहेत. आकडे खोड आणि तक्त्याला जुळतील असे लिही.” हाच माणूस फळ्यावर ‘निरीक्षणावरून निष्कर्ष’ असं लिहून त्याखाली दोन-दोन रेघा ओढायचा. मी आकडे खोडले आणि तक्त्याला जुळतील असे लिहिले. पहिला नंबर आला, कप मिळाला. सरांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतल्या वडिलांचे हात मात्र हलले नाहीत. तो कप अजून माझ्या शोकेसमध्ये आहे. दिवाळीला तो धुते, आणि कोरडा करायला जुनाच टॉवेल घेते.