भाजी चिरायची सुरी
अंकुशनगरच्या रस्त्याला उसाचं पाचट जळाल्याचा वास आला, की मला मुलींचं निरीक्षणगृह आठवतं. तिथं मी काळजीवाहक होते. दोन मुलींच्या कागदावर एकच गुन्हा होता, खुनाचा प्रयत्न. एकीनं मोबाइलच्या भांडणात मैत्रिणीला विहिरीत ढकललं होतं. दुसरीनं ऊसतोडीवर, बहिणीला तुडवणाऱ्या मुकादमावर कोयता चालवला होता. मला कोयतेवालीचीच धास्ती वाटायची, म्हणून भाजी चिरायची सुरी मी गोड बोलणाऱ्या पहिलीकडं दिली. एकदा भाकरीवरून वाजलं आणि तिनं दुसरीचा गाल कानापर्यंत फाडला. दुसरीनं मनगट पिरगाळून सुरी हिसकावली. मी किंचाळले, “मारू नको!” रक्त गळत असतानाच तिनं सुरी माझ्या हातात ठेवली. “हिला कशाला मारू, बाई? हिनं माझ्या बहिणीला हात न्हाई लावला.” अहवालात मी सगळं लिहिलं, सुरी कुणी दिली होती, तेवढं सोडून.