महालातला माग

साडीला खळ करताना तो आंबूस वास आला की मला महाल भागातलं ते जुनं आवार आठवतं. मी कॉलेजात असताना तिथे जुनी कामं लोकांनी स्वतःच्या हाताने करून पाहावीत, असा कार्यक्रम ठेवला होता. मैत्रिणींसोबत गेले, तर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून लोकांना विणकाम दाखवत होते माझेच बाबा. ते ऑफिसात साहेब आहेत, असं मी मैत्रिणींना सांगून ठेवलेलं. मी मान खाली घातली. बाबांनी ते पाहिलं आणि परक्यासारखं म्हणाले, "बसून पाहा ना बाई, सोपं हाय." मी बसले, आडवा धागा नेणारा धोटा फेकला. खळ लावलेल्या ताण्यातला एक उभा धागा तुटला आणि काही सुचायच्या आत माझ्या बोटांनी तो जोडूनही टाकला. "अय्या, तुले कसं काय जमलं वं?" मैत्रीण ओरडली. बाबाच हसले, "कोणाकोणाले जमते लवकर." रात्री जेवताना मी ताटातून मान वर केली नाही. ते एवढंच म्हणाले, "गाठ मात्र पक्की पडली वं तुही." बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. ती मैत्रीण अजूनही भेटते, आणि मागावरचे ते कोण होते हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.