बाईंनी स्वतःसाठी बांधलेली माशी

"बाई गेली गं," फोनवर प्रशांत एवढंच म्हणाला. मी शाळेत पेपर तपासत बसले होते. "कुठं गेल्या? धरणावर? एकट्याच? आणि तू जाऊ दिलंस?" चांगलं खडसावलं मी त्याला. पलीकडून हुंदका आला, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आई गेल्याचं सांगणाऱ्या नवऱ्यावर मी ओरडले, हे सव्वा महिन्यानंतर लिहिताना हसूही येतंय आणि रडूही. पण बाईंना ते आवडलं असतं. 'गेली' म्हटल्यावर सुनेच्या मनात आधी धरण यावं, हे सत्तरीत किती जणींना जमतं?

सासूबाईंना आम्ही सगळेच बाई म्हणायचो. मखमलाबादकडे आमचा फुलांचा मळा. बाईंनी उभा जन्म हार बांधले, देवांचे, नवरदेवांचे, पुढाऱ्यांचे नि तिरडीवरचेसुद्धा. प्रशांतला इगतपुरीकडच्या धरणावर मासे धरायचा नाद, आणि तोही साधासुधा नाही. गळाला गांडूळ लावायचं नाही. पिसं आणि धागा गुंडाळून गळाचीच माशी करायची आणि लांबलचक दोरी हवेत झुलवून ती पाण्यावर टाकायची. या माशा तो विकत आणायचा. एक दिवस बाईंनी त्यातली एक उचलली, डोळ्यांजवळ धरून फिरवली आणि म्हणाल्या, "हे काय रे, गाठ तं गजऱ्यापेक्षा सोपी हाय." झालं! तेव्हापासून आमचा कोंबडा बोडका फिरायला लागला. लग्नातल्या येवल्याच्या पैठणीचा पदर विरला होता, त्याची जर उसवून बाईंनी एका माशीच्या पोटाला गुंडाळली. भावकीला तर विषयच मिळाला. आमचे चुलत सासरे आप्पा दारातूनच विचारायचे, "काय वहिनी, माशा मारताय का?" बाई मान वर न करता म्हणायच्या, "मारत नाय भाऊजी, बांधते. मारायला तुमी हायेच."

मग त्यांच्या डोक्यात ट्राउट शिरला. प्रशांतच्या मोबाईलवर त्यांनी तो ठिपक्याठिपक्यांचा मासा पाहिला आणि आपल्या धरणात का नाय, म्हणून त्याच्या मागंच लागल्या. "त्याला बर्फाचं पाणी लागतं, बाई." "मग आपण जाऊ बर्फाकडं." मी हसले. त्या हसल्या नाहीत. "वैशाली, जन्मभर दुसऱ्याच्या गळ्यासाठी बांधलं मी. ही जरीची माशी माझ्यासाठी बांधलीय. तिला मी सोताच्या हातानं मासा लावणार. बास, येवढंच." आप्पांनी मात्र म्हातारीला चळ लागलाय असं गावभर केलं, आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आता तर नेणारच.

काश्मीरमध्ये डोंगरावरच्या एका तळ्याशी आम्ही घोड्यांवरून पोचलो. परवाना त्या एकाच दिवसाचा. काठापासून थोडं पुढं गेलं की पाणी एकदम खोल, काळंनिळं. प्रशांतने लांब लांब दोरी फेकून दंड दुखवून घेतले, पण हाती काही नाही. ऊन चढलं तसा आमचा वाटाड्या नजीरभाई म्हणाला, "अम्माजी, मछली नीचे चली गई." प्रशांत वैतागून खडकावर बसला. "कुठं माशी शिंकली कोण जाणे!" "माझी शिंकत नाय," बाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, गळाची काठी घेतली, जरीची माशी पुढ्यातच टाकली आणि ओढायच्या ऐवजी नुसत्या मोजायला लागल्या, फुलबाजारात गुलाबाच्या जुड्या मोजायच्या तशा, "लाभ, दोन, तीन, चार..." आमच्याकडं मोजताना पहिला आकडा एक नसतो, लाभ असतो. माशी बुडत होती, बाई मोजत होत्या. बारा म्हणेपर्यंत ती तळाच्या शेवाळात अडकली. "म्हंजी तळ बाराला हाय. मासा त्याच्या वर आसंल." शेवाळ काढून पुन्हा लाभ. अकराला हलकेच ओढली, काही नाही. आभाळ भरून यायला लागलं, नजीरभाई घोड्यांकडं बघायला लागला. या बाईनं जन्मात एकदा काही मागितलं, तेही मिळायचं नाही की काय... "दहा," बाई म्हणाल्या, आणि काठी अशी वाकली म्हणता!

"बाई, दे इकडं, तुटेल!" प्रशांत धावला. "हात लावशील तं बघ!" मासा पळाला की त्या दोरी सोडायच्या, थांबला की ओढून घ्यायच्या. मी काठावर अक्षरशः नाचत होते. शेवटी नजीरभाईने तो जाळीत उचलला. कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा, पिवळाधमक, लाल ठिपक्यांचा! त्याच्या ओठाशी पैठणीची जर चमकत होती. "जिंकलात बाई, जिंकलात!" मी त्यांना मिठीच मारली. प्रशांत धरणावर पकडलेला मासा परत सोडतो, त्यामुळं त्यानं सवयीनं विचारलं, "सोडूया ना?" "येवढ्या लांब सोडायला आले व्हय मी?" नजीरभाई हसला, "परमिट में है, अम्माजी." मग बाईंच्या पिशवीतून तिखट, मीठ, हळद निघाली, तवा तापला आणि पहिला घास बाईंनी स्वतः खाल्ला. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय कधी न बसलेली बाई! मला इतका आनंद माझ्या लग्नातही झाला नव्हता.

खिडकीशी त्यांचा पाट अजून तसाच आहे, त्यावर चिमटा, पिसं, अर्धवट गुंडाळलेला धागा. मी पाट उचलत नाही, भोवतीनं झाडते.

आमच्याकडं नदीला गंगाच म्हणतात; तिथं दशक्रियेला पिंड ठेवले तेव्हा आप्पा म्हणाले, "बसा आता निवांत. हौशी बाई, शंभर गोष्टीत जीव अडकला असंल. कावळा शिवायला दुपार होती बघा." प्रशांतने हात जोडले. बाईंना काय काय कबूल करायचं ते त्यानं मनात ठरवून आणलं होतं. पण त्याला तोंड उघडायलाही वेळ मिळाला नाही. आम्ही नीट मागं सरलोही नव्हतो, तोच कावळा उतरला आणि शिवला. आप्पा बघतच राहिले. "आँ? येवढ्यात?"

"आप्पा," मी म्हटलं, आणि त्या घाटावर, सगळ्या भावकीदेखत, मला हसू आवरेना, "बाईंचं काही राहिलंच नव्हतं."