चाकांवरच्या काळ्या पट्ट्या

गाडी घेतली तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते आणि चालवायला शिकून जेमतेम तीन महिने झाले होते. कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत मला मिळालेली जागा म्हणजे एका बाजूला सिमेंटचा खांब आणि दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांच्या स्कूटर. गाडीला ओरखडा पडणार हे ठरलेलंच होतं. म्हणून शोरूममधून घरी आणायच्या आधीच मी ती ॲक्सेसरीच्या दुकानात नेली. चारही दारांवर चार बोटं रुंदीच्या काळ्या रबरी पट्ट्या चिकटवून घेतल्या आणि चारही चाकांच्या वर, पत्र्याच्या कमानीवर, तशाच काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या बसवल्या. चाकांवरच्या पट्ट्या नुसत्या चिकटून राहत नव्हत्या, म्हणून दुकानदाराने त्या स्क्रूने घट्ट केल्या.

बाबांना ते मुळीच आवडलं नाही. ते तरुणपणी भुसावळहून बडोद्याला आले आणि रेल्वेच्या कारखान्यात डब्यांना रंग द्यायच्या खात्यात चौतीस वर्षं काढून निवृत्त झाले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "नव्या पत्र्याला भोकं पाडलीस."

"ओरखडे पडण्यापेक्षा बरं ना?"

"ओरखडा दिसतो तरी. पट्टीमागे पाणी बसलं तर दिसणार पण नाही."

मी हसून विषय बदलला. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि आमचे वाद फार टिकत नसत.

पुढच्या पाच-सहा वर्षांत बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू वाढत गेला. एक डोळा गेल्यातच जमा झाला, दुसऱ्याने नळीतून पाहावं तेवढंच दिसायचं. दर महिन्याला मी शिकवते त्या शाळेतून लवकर सुटून त्यांना नदीपलीकडे अकोट्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत असे. या काळात मला एक सवय लागली. बाबा काही म्हणाले की मी ते आधी तपासून बघायची. गॅस बंद केलाय म्हणाले की उठून बघायची. दाराशी कुणी आलंय म्हणाले की बाहेर डोकावायची. ते एकदाही काही बोलले नाहीत, त्यामुळे आपण असं करतोय हे माझ्या लक्षातही आलं नाही.

मग एका पावसाळ्यात विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं आणि दोन दिवस राहिलं. गाडी चाकांवरच्या पट्ट्यांपर्यंत पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर गॅरेजवाल्याने आतलं पाणी काढलं, ब्रेक साफ केले, खालून धुऊन दिली, आणि गाडी पूर्वीसारखी चालायला लागली.

त्यानंतर काही महिन्यांनी आम्ही डॉक्टरांकडून परत निघत होतो. मी पर्समध्ये किल्ली शोधत होते आणि बाबा गाडीला हात लावून उभे होते. त्यांचा हात मागच्या चाकाच्या वर, पट्टीच्या कडेला थांबला.

"इथे फोड आलाय," ते म्हणाले.

मी वाकून पाहिलं. भर दुपारचं ऊन, पांढरा रंग, कुठे काही नव्हतं. "काही नाही हो बाबा. धूळ असेल."

"हात लाव."

मी बोट फिरवलं. मला काहीच लागलं नाही, आणि तसं मी सांगितलं. ते गाडीत बसले. पण पुढचे तीन दिवस संध्याकाळी फिरून आले की ते पार्किंगमध्ये थांबून त्याच जागी हात फिरवायचे. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाले, "ती पट्टी काढून बघ."

मी गॅरेजवाल्याला विचारलं. त्याने दुरूनच गाडीकडे पाहिलं. "रहेवा दो ने बेन. पट्टी काढशो तो काणां देखाशे." काढली तर भोकं दिसतील, राहू द्या. मला तेच ऐकायचं होतं. रात्री जेवताना मी बाबांना सांगितलं की गॅरेजवाल्यालाही काही दिसलं नाही.

"त्याने हात लावला का?" बाबांनी विचारलं.

"नाही. पण त्याने पाहिलं ना."

"पाहून कळत असतं तर कारखान्यात आम्हाला पत्र्यावरून हात फिरवायला शिकवलं नसतं." त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. "माझे डोळे गेलेत. तू हातही गेले असं धरून चालली आहेस."

आवाज चढवला नव्हता. ताटातली भाजी बोटांनी शोधत ते जेवत राहिले. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांना गणितं घालून बसले असताना मनात तेच घोळत होतं, आणि तिथेच मी ठरवलं. रविवारी ती पट्टी मी स्वतः काढणार. गॅरेजला द्यायची नाही. काय आहे, काय नाही ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर बाबांना पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं आणि मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन जमिनीवर बसले. पहिलाच स्क्रू हलेना. जोर लावला तशी त्याची खाच झिजायला लागली.

"थांब," आवाजावरूनच ओळखून बाबा म्हणाले. "नुसता फिरवू नकोस. आधी आत दाब, मग फिरव. आणि तेलाचा थेंब सोडून दहा मिनिटं जाऊ दे."

वरच्या मजल्यावरचे काका दूध घेऊन चालले होते. त्यांनी थांबून पाहिलं. "शुं करो छो बेन? गॅरेजवाळाने आपी दो ने." गॅरेजवाल्याला देऊन टाका ना.

"हूं ज करी लईश, काका," मी म्हटलं. माझं मीच करते.

तेल मुरल्यावर स्क्रू निघाला. पाच स्क्रूंना तासभर गेला. पट्टी ओढली तर मागून वाळलेल्या चिखलाचा लांबच्या लांब करडा तुकडा माझ्या मांडीवर पडला. नदीचा गाळ, इतके महिने तिथेच बसलेला. त्याच्यामागे दोन भोकांच्या भोवती रंग फुगला होता. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचलं तर पापुद्रा सुटला आणि खाली लालसर भुगा दिसला. बाबांचा हात थांबला होता तीच जागा.

"किती आहे?" बाबांनी विचारलं.

"पाच रुपयांच्या नाण्याएवढा. दोन ठिकाणी."

"आरपार गेलाय?"

मी दाबून पाहिलं. "नाही."

"मग पत्रा वाचला."

"तुम्ही सांगत होतात," मी म्हटलं. "मी ऐकलं नाही."

"आता बाकीच्या तीन काढ," ते म्हणाले, आणि स्टूल उचलून पुढच्या चाकाकडे सरकले. तिथे हात फिरवून म्हणाले, "इथेही आहे." ती पट्टी काढली तर चिखल होता, पण गंज नव्हता. त्यांच्या बोटांना लागला होता तो कंपनीतूनच आलेला रंगाचा एक गोळा. मी सांगितल्यावर त्यांनी पुन्हा चाचपलं. "हं. चुकलो." उरलेल्या दोन चाकांपैकी एकावर गंजाची सुरुवात झाली होती.

दुपार झाली होती आणि मला जोर चढला होता. मी घरातून हेअर ड्रायर आणला, वायर लावली आणि दाराच्या पट्ट्यांकडे वळले.

"आता काय?"

"याही काढते. एकही ठेवायची नाही."

"का?"

"यांच्यामागेही असेलच ना."

"बघितलंस?"

मी एका पट्टीचं टोक गरम करून हळूच उचललं. मागे कोरडं होतं. चिकटपट्टी जशीच्या तशी आणि रंग शोरूममधल्यासारखा पांढरा. दुसऱ्या दारावर पाहिलं, तिथेही तेच. पट्टीच्या बाहेरच्या बाजूला मात्र स्कूटरच्या हँडलांचे आडवे-तिरपे इतके ओरखडे होते की रबर जागोजागी सोललं होतं. ते सगळे दारावर पडले असते.

"भोकं नाहीत, पाणी नाही," बाबा म्हणाले. "मग कशावर राग काढतेस?"

मी ड्रायर बंद केला. राग होता हे खरं, आणि तो पट्ट्यांवर नव्हता. उचललेली टोकं मी अंगठ्याने पुन्हा दाबून बसवली. चाकांवरच्या पट्ट्या परत लावायच्या नाहीत आणि दारांवरच्या काढायच्या नाहीत, असं मी तिथे बसल्या बसल्या नक्की केलं.

पुढचे दोन रविवार त्यात गेले. पॉलिश पेपरने गंज घासून काढला, गंजावरचा प्रायमर दिला, भोकांमध्ये लांबी, म्हणजे पुटी, भरली. रंग घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीजवळच्या एका छोट्या दुकानातून आणला. तिथे पांढऱ्याच्या इतक्या छटा निघाल्या की मी चक्रावले. आमच्या गाडीचा पांढरा किंचित निळसर आहे. मी आणलेला किंचित पिवळट निघाला. लांबी घासताना बाबा दर थोड्या वेळाने हात पुढे करायचे आणि मी त्यांची बोटं त्या जागी टेकवायची.

"अजून उंच आहे. घास."

मला ते सपाट दिसत होतं. मी घासलं.

काम संपल्यावर चारही कमानींवर वेगळ्या रंगाचे ठिपके दिसायला लागले. गॅरेजवाला बघून हसला. नव्या पट्ट्या मिळतात, नुसत्या चिकटवायच्या, भोकं पाडायला नकोत, सगळं झाकून जाईल, असं त्याने सांगितलं. मी विचारलं, त्यांच्यामागे पाणी राहील का? "थोडुं तो रहे," तो प्रामाणिकपणे म्हणाला. मग मला नकोत, असं सांगून मी गाडी बाहेर काढली. शाळेत एका बाईंनी, पट्ट्या दारांवर आहेत आणि चाकांवर नाहीत, गाडी अर्धवट वाटते, असं सुचवून पाहिलं. वाटू दे, मी म्हटलं.

बाबांचा दुसरा डोळाही आता बराच मंद झालाय. मध्यंतरी वरच्या काकांनी जुनी गाडी घ्यायचं काढलं तेव्हा ते बाबांना सोबत घेऊन गेले. बाबांनी चारही दारांवरून हात फिरवला आणि मागच्या डाव्या दारावर लांबी भरून रंग दिलाय, हे विकणाऱ्याच्या तोंडावर सांगितलं. विकणाऱ्याने आधी नाही म्हटलं, मग कबूल केलं. काकांनी ती गाडी घेतली नाही.

यंदाच्या पावसाळ्यात पाणी सोसायटीपर्यंत आलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चारही कमानी तपासल्या. उजव्या बाजूच्या मागच्या कमानीवर एक तपकिरी ठिपका पुन्हा उठला होता. तो घासून मी नव्याने प्रायमर दिला. बाकीच्या तीन ठीक आहेत.